पांढऱ्या वाईनची चव कुणाला विचारायची

अप्पा, आपल्या दुकानावर ‘वाईन शॉप’ अशी मोठी पाटी होती आणि आत खपायची रम नाहीतर बिअर. पांढऱ्या वाईनच्या चार बाटल्या वरच्या फळीवर धूळ खात पडायच्या, त्याही गोड असतील तरच कुणी घ्यायचं. आता ती फळी मी खाली आणली आहे, शेजारी काचेचा फ्रिज ठेवला आहे. लातूरच्या पोरी नवऱ्याबरोबर येतात, कधी एकट्याही येतात, ‘ड्राय’ मागतात आणि गोड दाखवली की नाक मुरडतात. पूर्वी हीच आंबटसर वाईन नासली म्हणून लोक परत आणायचे. हे बघायला तुम्ही हवे होतात. आपण लिंगायत, गळ्यात इष्टलिंग होतं म्हणून तुम्ही जन्मात थेंब तोंडाला लावला नाही आणि जन्मभर तेच विकलंत. त्यामुळे चव कळायला तुम्हाला कायम दुसऱ्याची जीभ लागायची. ती कधीच माझी नव्हती, आणि हे मला अजून डाचतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. कचेऱ्या उघडत होत्या, मुंबई-पुण्याकडचे साहेब बदलून येत होते. त्यांच्यासाठी म्हणून तुम्ही गोड पांढऱ्या वाईनच्या पेट्या भरल्या. साहेब लोकांना एवढी गोड नको होती, माल पडून राहिला. तुम्ही मात्र निर्धास्त. जुनी रम भारी असते असं गिऱ्हाईक बोलायचं, तेच तुम्ही पांढऱ्या वाईनला लावलं आणि पेट्या पत्र्याखालच्या माळ्यावर मुरायला ठेवल्या. पिणाऱ्या दुकानदाराच्या हातून हे झालं नसतं.

मग दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात माळा नुसता भाजत होता. मी एक बाटली उजेडात धरली तर आतला रंग कोऱ्या चहासारखा झालेला. बूच काढून वास घेतला आणि तुम्हाला सांगितलं की हा माल गेला, आंबून शिर्का झालाय. तुम्ही बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तोंड इकडं कर. चाखलास का?”

मी नाही म्हणालो. तुम्ही भर दुकानात माझ्या तोंडाचा वास घेतलात, मी कॉलेजात जाणारा, मिशी फुटलेला माणूस. हिशेब लिहिणारे दिवाणजी दुसरीकडे बघत राहिले. आणि संध्याकाळी तीच बाटली पिशवीत घालून तुम्ही इंजिनिअर साहेबांकडे गेलात. हे साहेब विष्णुपुरीच्या धरणावरून आपल्याकडे बदलून आलेले. त्यांनी एक घोट घेतला, टाकून द्या म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळा माल गटारीत. समोर टँकरच्या रांगेत बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत, गटारीतून वाईन वाहते आहे, त्या बघताहेत आणि मी एकामागून एक बूच काढतो आहे. मी सांगितलं तेव्हा तो पोरखेळ होता, साहेबांनी सांगितलं तेव्हा ज्ञान झालं.

पुढे सगळं त्यांना विचारून. आधी कमी गोड आली, मग नाशिककडची ड्राय. दर वेळी पहिली बाटली त्यांच्या घरी जायची आणि सकाळी ते आले की तुम्ही स्वतः उठून खुर्ची पुसायचात. सायीचा चहा त्यांना, मला गल्ला. माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही त्यांच्याशेजारी बसून हळूच कसली तरी चव विचारत होतात. मी मुंडावळ्या बांधून जळत होतो, खरं सांगतो.

निवृत्त होऊन नांदेडला राहिलेले साहेब गेल्या महिन्यात दुकानात आले. थकलेत, काठी आली आहे. म्हणाले, आता ड्राय सोसत नाही, एखादी गोड असली तर दे. मला बरं वाटलं, इतकं की लाज वाटायला हवी होती. बाटली कागदात गुंडाळत मी हसत म्हणालो की अप्पांना तुमच्याशिवाय कुणाचं पटायचं नाही. त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

“येडा का तू? त्या दिवशी अप्पा बाटली घेऊन आले तवा काय म्हणून राहिले होते ठावं हाय? म्हणे, पोरगं म्हणतंय माल गेलाय, त्याचं नाक खोटं न्हाई निघायचं. पण त्याला खरं हाय म्हणालो तर उद्या पोरगं चाखाया लागंल. तुमी चाखा, म्हंजे तुमच्या नावावर फेकता येतं.”

तर असं होतं, अप्पा. माल तुम्ही माझ्या शब्दावर ओतलात. मग आनंद व्हायला पाहिजे होता. मला साहेबांचा नव्यानं हेवा वाटला. चहा गेला, खुर्ची गेली, त्याचं एवढं नाही. पण माझं नाक खोटं निघायचं नाही, हे वाक्य माझं होतं, तुम्ही ते त्यांच्या घरी ठेवून आलात आणि त्यांनी ते इतकी वर्षं स्वतःजवळच ठेवलं.

आणखी एक आहे, ते माळ्यावर मुरत ठेवायचं नाही, तेव्हा सांगून टाकतो. रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, ऐकू आलं नाही असं खोटंच म्हणून मी त्यांना तुमचं ते वाक्य पुन्हा बोलायला लावलं.