पडलो न्हाय, पडून घेतलं

मुरुम. मंगळवार, बहमन महिना, निजामी फसली सन १३५२.

आज गावभर बोंब, मास्तर पडले! अरे, पडलो न्हाय, पडून घेतलं.

सिकंदराबादेत नोकरीला असताना घेतलेले चाकांचे बूट साठीतही मला बरोबर बसतात, हा काय माझा गुन्हा? आडतीच्या रिकाम्या गोदामात शहाबादी फरशी गुळगुळीत आहे, म्हणून तिथं जातो. आधी गुडघ्यांना गोधडीचे तुकडे बांधतो. मग मुद्दाम चार-पाच वेळा पडतो. तालमीत वस्तादानं पहिल्यांदा पडायलाच शिकवलं होतं. हात पुढं टेकायचा न्हाय, अंग गोळा करून खांद्यावरून लोळायचं. नेमकं तेवढंच कुणीतरी दारातून बघितलं आणि पळत घरी जाऊन सांगितलं.

घरी आलो तर हाडवैद्य शिवलिंगप्पा तेलाची बाटली घेऊन हजर. हिनंच बोलावलेला.

"म्हातारचळ लागलाय ह्यांना," ही म्हणाली.

शिवलिंगप्पानं माझे गुडघे, खांदे, मनगटं, सगळं दाबून बघितलं. कुठं काही असेल तर ना! तरी म्हणतो कसा, "मास्तर, आता चाकं माळ्यावर टाका. वय झालं तुमचं."

एवढं बोलून उठला आणि आमच्याच उंबऱ्याला अडखळून पडला. हात पुढं टेकून पडला! मनगट लई सुजलं. त्याच्याच तेलाची पट्टी मीच त्याला बांधली. पट्टीचं दुसरं टोक हिनंच धरलं.

उद्या पुन्हा गोदामात जाणार. चाकं माळ्यावर टाका म्हणे! मग उंबरा कुठं टाकू?