सफाईची पावडर

सोनगीर, ता. ५ मे २०२५

चि. प्रशीलास आईचा जयभीम व अ. आ.

फोनवर बरं आहे, बरं आहे म्हणतोस आणि ठेवून देतोस. बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे, हे मला साक्षीकडून कळतं. बहिणीला सांगतोस, आईला नाही.

इकडे पुनाकाकाचा हात भाजला. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत जंतू मारायला टाकायची टीसीएल पावडर त्याच्याकडून डिझेलने भिजलेल्या बोळ्यावर सांडली. कोणी काडी लावली नाही, तरी भडकली! तुझ्या बोटीत काय भरलं शे, ते मुकाट्याने लिही.

लोभ आहेच, उत्तराचा आळस नको.

तुझी आई, रुक्माबाई

---

बोटीवरून, ता. ११ मे

ती. आईस जयभीम, सा. न. वि. वि.

फोनवर केबिनीतले सगळे ऐकतात, म्हणून लिहून किनाऱ्यावर जाणाऱ्या लाँचवाल्याजवळ देतोय. पुनाकाकांचं वाचून झोप उडाली. बोटीच्या पोटात एक कंटेनर आहे. कागदावर सफाईची पावडर लिहिलंय, वास मात्र थेट टीसीएलचा. खाली इंधनाची टाकी, ती कायम गरम. कंटेनरचा पत्रा आता हाताला चटका देतो. खरं नाव लिहिलं असतं तर वर मोकळ्यावर ठेवला असता.

आमचे मुकादम चंदनभाऊ, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, धक्क्यावर जागा मिळाली की माल उतरेल, तोंड बंद ठेव. कप्तानाला कळलं तर बोट अडकेल आणि माल त्यांनी भरून घेतला म्हणून बोल त्यांना लागेल. आई, त्यांनीच मला इथे लावलं. त्यांना ओलांडून वर कसा जाऊ?

रागावलीस तरी माया असू दे.

तुझा प्रशील

---

सोनगीर, ता. १६ मे

प्रशील, आशीर्वाद नंतर.

चंदनने नोकरी लावली, जीव विकत घेतला नाही. काल साक्रीला जाऊन त्याच्या बायकोला, मयुरीला, तुझं पत्र दाखवलं. चहा ठेवत होती, गॅस बंद करून खालीच बसली. तिथूनच त्याला फोन लावला. तो म्हणे, बायकांना बोटीचं काय कळतं. तिने सुनावलं, विधवा होणं बरोबर कळतं. त्याने फोन कापला, तो अजून बंद शे. तुझाही लागत नाही.

चंदनला तोंडावर सांग की मी वर जातोय. मागून जाऊ नको, तो आपला माणूस आहे. पण जा. कप्तानाला आपली भाषा येत नसेल तर त्याचा हात धर आणि त्या पत्र्यावर ठेव.

सांगितलंस हे तुझ्या तोंडून मंगळवारपर्यंत ऐकू आलं पाहिजे. नाहीतर बुधवारी मयुरी आणि मी बंदरावर येऊन बसतो. लोभ तेव्हा बघू. मंगळवार!

आई