शेपटाकडून गुंडाळलेली ट्यूब

आई,

माझ्या खणातली खाजेची ट्यूब शोधू नकोस, संपली ती. शेपटाकडून घट्ट गुंडाळलेली दिसली तेव्हाच कळलं की तू वापरतेस, कारण मी कुठलीही ट्यूब मधेच दाबते आणि त्यावरून तुझी बोलणी खाते.

महिनाभर तू भाजीसुद्धा उभ्यानेच चिरतेस आणि मी गुडघे धरले असतील म्हणून शेकायची पिशवी देत राहिले. दुकानात दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते, पण घरातलं दिसलं नाही. रागवू तरी कुणावर?

खाज, आग, अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं, हे मलाही झालं होतं. अस्वच्छ राहिल्याने नाही, बुरशीने होतं ते. त्यामुळे ते जंतुनाशक घालून धुणं आधी बंद कर, त्याने आग वाढते. माझं आठवड्यात गेलं. तुझं जातंय आणि परत येतंय, म्हणजे शुगर बघायला हवी. आणि तू तर शुगरच्या गोळ्या "आता बरंय" म्हणत कधीच सोडल्यास.

समोर बोलले असते तर "काही नाही गं" म्हणून तू ओट्याकडे वळली असतीस. म्हणून हे लिहून ठेवतेय.

डॉक्टरबाईंकडे आज संध्याकाळी पाचचा नंबर लावलाय, माझ्या नावाने. तू नुसती सोबत म्हणून चल. तिथे कुणी ओळखीचं भेटलंच तर लेकीला त्रास होतोय म्हणून खुशाल सांग.

आत मात्र तू जा.