त्याच्या सिनेमातली मेलेली माणसं

आई, परवा त्याचा नवा सिनेमा बघितला, मल्टिप्लेक्समध्ये, एकटीनेच. तोच तुझा ‘येडा म्हातारा’, वाकड्या घरांचा आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यांचा हॉलिवूडचा दिग्दर्शक. अजिबात आवडला नाही. पूर्वी त्याची भुतं म्हणजे हाताने बनवलेल्या बाहुल्या असायच्या, चालताना अडखळायची, अंगावरची शिवण दिसायची, म्हणून त्यांचा लळा लागायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून ठेवलंय. शिवाय त्याचा विक्षिप्त नायक बहुतेक वेळा मुलगाच, आणि शेवटी त्याला समजून घेणारं कुणीतरी भेटतंच. कॉलेजात असताना याच शेवटांवर मी जीव टाकायचे. आता चीड येते.

कासार आंबोलीच्या स्वयंपाकघरात तू लवळ्याच्या हॉस्टेलचे डबे भरायचीस आणि मी पिठाच्या डब्याला लॅपटॉप टेकवून त्याचे सिनेमे लावायचे. इंग्रजी तुला कळत नव्हतं. तरी तू बघतेस, मध्येच लाटणं थांबतं. “ह्यातली मेलेली मान्सं लई बरी हायेत गं,” तू म्हणतेस, “हसत्यात, गानी म्हनत्यात. जितीच तोंडं पाडून बसल्यात.” पुढे मला ॲनिमेशनला प्रवेश मिळाला, तेव्हा मामा म्हणाला, “बाहुल्या नाचवायचं शिकनार व्हय? लोकं हसतील.” तू त्याच्यापुढे चहा ठेवलास आणि काहीच बोलली नाहीस. ते गप्प राहणं मी माझ्या बाजूचं धरलं.

कोर्स अर्ध्यावर असताना तू गेलीस. दहाव्याला पौडला नदीवर पिंड ठेवला, तर कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले, खाली एकही येईना. ऊन चढलं, लोक चुळबुळ करू लागले. तुझी काय इच्छा राहिली असेल, म्हणून एकेक जण पुढे होऊन तुला शब्द द्यायला लागला. मी म्हणाले, “आई, मी शिक्षण पुरं करीन.” काही नाही. मग मामा हात जोडून उभा राहिला. “अक्के, पोरीचं लगीन औंदाच लावून देतो. घोर करू नगंस.” आणि कावळा शिवला. बायका हुंदके देत म्हणाल्या, “बघा, तिचा जीव त्यातच अडकला व्हता.” त्यानंतर माझं कोण ऐकतंय? मामाशी भांडता आलं असतं, तुझ्याशी कसं भांडणार? कोर्स सुटला, त्याच वर्षी हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये येऊन पडले. नवरा वाईट नाही. सिनेमा लावला की फोन काढून बसतो, एवढंच.

त्या दिग्दर्शकाचं एक बरंय. त्याच्या मेलेल्या माणसांना बोलता येतं, जेवणाच्या टेबलावर बसून ती जित्यांशी तावातावाने भांडतात. तुम्ही इकडची मेलेली माणसं मात्र एका कावळ्याच्या चोचीतून एकदाच बोलणार, आणि त्याचा अर्थ मामाने लावायचा. त्या कावळ्याला भूक लागली होती, बाकी काही नाही, असं मी सगळ्यांना ठासून सांगते. तरी राग तुझाच येतो. माझ्या शब्दाला का नाही शिवलीस?

हे पत्र पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तू उत्तर देशील, आणि तुलाही मामासारखं माझं लग्नच हवं होतं असं लिहिशील, याची मला अजून भीती वाटते.