पहिली एकवीस पाने

कळसाडी, तालुका शहादे
चैत्र वद्य पंचमी, शके १८५९

प्रिय रूपचंद,

तुझे पत्र परवा पोचले. लांब पल्ल्याची नेमबाजी शिकण्याचा तुझा निश्चय झाला आहे, वकिलीतून सकाळचे दोन तास तू मोकळे केले आहेस, आणि बोल्टची कोणती रायफल घ्यावी एवढे मी कळवावे, असे तू लिहितोस. शेवटी ‘झाले गेले मनात ठेवू नकोस’ असे एक वाक्य आहे. ते वाचून मी पत्राची घडी केली, फडताळात ठेवले आणि दोन दिवस उघडले नाही. माझ्या मनात राग आहे आणि तो झाकून मी उत्तर लिहिणार नाही. परंतु विचारलेल्या प्रश्नाला अर्धे उत्तर देणे मला शिक्षक म्हणून जमत नाही. तेव्हा आधी रायफल.

सुरतेच्या दुकानदाराने तुला जी दाखवली आहे, ती घेऊ नकोस. ती वाघासाठी केलेली आहे. वाघ पन्नास पावलांवर असतो आणि माणूस त्याच्यावर एक किंवा दोन गोळ्या झाडतो. शिकणाऱ्याला एका सकाळी तीस झाडाव्या लागतात. त्या रायफलीचा धक्का दहाव्या गोळीनंतर तुझ्या खांद्याला शहाणे करील, म्हणजे चाप ओढण्याच्या आधीच खांदा आक्रसेल आणि डोळा मिटेल. एकदा ही खोड लागली की ती काढायला वर्ष जाते. पुण्याला कॉलेजच्या पलटणीत पहिल्या दिवशी आपण दोघांनीही डोळे मिटून गोळ्या झाडल्या होत्या आणि हवालदाराने आपल्याला ‘सूरदास नंबर एक आणि सूरदास नंबर दोन’ अशी नावे दिली होती, हे तू विसरला नसशील. नंबर एक तू होतास.

म्हणून पहिले वर्ष पॉइंट टू-टू बोअरची, एका वेळी एकच काडतूस घालायची, साधी बोल्टची रायफल घे. तुला हसू येईल की लांबचे शिकायचे आणि पोरांची रायफल कशाला? कारण असे की ही लहान गोळी मंद चालते. शंभर यार्डांवर पोचेपर्यंत मंद वाराही तिला चार बोटे बाजूला नेतो. मोठ्या रायफलीला जे तीनशे यार्डांवर कळते, ते हिला शंभरावर कळते. वारा वाचायला हिच्याइतकी कडक पंतोजी दुसरी नाही. वर्षभराने दोनशे पंच्याहत्तर बोअरची घे, जड नळीची, नऊ-दहा रत्तल वजनाची. हलकी रायफल डोंगर चढताना बरी, पण श्वासाबरोबर हलते. पलटणीतल्या बोअरची मागू नकोस, ती खाजगी परवान्यावर मिळत नाही, हे वकिलाला मी सांगायला नको.

दुकानात गेलास की नळीवरचे नाव वाचण्याआधी मागचा लाकडी दस्ता हातात घे. तो कोपराच्या आत टेकवल्यावर बोटाचे पहिले पेर चापावर सहज पडले पाहिजे. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल दस्त्यावर टेकव आणि डोळे उघड. नळीच्या टोकावरची नेमाची माशी समोर दिसली तर दस्ता तुझा, मान लांबवून शोधावी लागली तर दुसऱ्याचा. गाल न उचलता बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा दांडा, मागेपुढे करता आला पाहिजे. चाप काचेच्या काडीसारखा एकदम तुटावा, ओल्या दोरीसारखा ओढत जाऊ नये. दुर्बीण आत्ता नको. ती डोळ्याला दाखवते, हाताला काही शिकवत नाही. मागे बारीक छिद्राची नेमपट्टी पुरे. आणि शेवटची परीक्षा ही की वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, एकाच डब्यातली पाच काडतुसे एकाच बिंदूवर झाड. गोळ्या मधोमध लागल्या का, ते पाहू नकोस. त्या एकमेकींपासून किती लांब आहेत, ते पाहा. पाचही एका रुपयाखाली झाकल्या तर त्या कोपऱ्यात लागल्या असल्या तरी रायफल चांगली, कारण नेमपट्टी सरकवता येते. विखुरलेल्या असतील तर मधली गोळी नेमकी निशाणाच्या काळ्या वर्तुळात असली तरी ती लबाडी आहे.

हे लिहिताना माझा राग निवतो की काय अशी भीती वाटली, कारण हा विषय निघाला की मला दुसरे काही सुचत नाही. आमची सौ. म्हणते, “ही सवत बरी शे, बोलत तरी नही.” पण निवला नाही. याच नळीचा, याच चापाचा आणि याच वाऱ्याचा अभ्यास ज्याने तुझ्याआधी चौदा महिने केला, त्या दलसिंगला तुमच्या नेमबाजी क्लबाने फाल्गुनातल्या स्पर्धेत काय दिले, ते मला आठवले.

दलसिंगला तू फक्त स्पर्धेच्या दिवशी पाहिलेस. तो डोंगरातल्या तिरंदाजांच्या घरातला, तळोद्याच्या वरच्या अंगाला जंगल खात्यात नाकेदार आहे. मागच्याच्या मागच्या पौषात तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याला रायफल धरता येत नव्हती. प्रकाशा गावाशी तापीचे पात्र उघडे पडते, पलीकडे उंच दरड आहे, गोळी तिच्यात मुरते. तिथे आम्ही दर रविवारी पहाटे जात असू. वाळूत दर पंचवीस पावलांवर मी काठ्या रोवल्या आणि प्रत्येकीला सरकी काढलेल्या कापसाचा पेळू बांधला. पात्रातला वारा लबाड असतो, अलीकडचा पेळू पूर्वेला डुलतो तेव्हा मधला पश्चिमेला असतो. कोणता पेळू ऐकायचा आणि कोणता सोडायचा, ही खरी विद्या आहे.

आणि ऐक, या विद्येत त्याचे तिरंदाज असणे त्याच्या आड आले. दोनशे यार्डांची नेमपट्टी लावून मी त्याला काळ्याचा खालचा काठ धरायला सांगत असे आणि त्याची प्रत्येक गोळी काळ्याच्या वर एक वीत लागत असे. मी रायफलीत दोष शोधला. नेमपट्टी दोनदा सोडून बसवली, काडतुसांचा डबा बदलला, त्याच्या श्वासावर रागावलो. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या शेजारी वाळूत पालथा पडलो आणि चाप तुटण्याच्या क्षणी पाहिले, तर नळीचे तोंड किंचित वर जात होते. विचारले तर म्हणाला, “गुरुजी, लांब शे. वर नई धरं तर कशी पोचई?” लहानपणापासून तीर सोडताना लक्ष्य जितके लांब तितका हात वर, हे त्याच्या अंगात भिनले होते. नेमपट्टीने ती उंची आधीच दिली आहे, हे त्याच्या डोक्याला कळत होते. हाताला कळत नव्हते. ती एक वीत खाली आणायला त्याला पावसाळ्यापर्यंतचे सगळे रविवार लागले. भर उन्हाळ्यात तो रिकाम्या रायफलीने, काडतूस न घालता, दिवसाला शंभर वेळा चाप ओढत असे, माशीवर एक पैसा ठेवून. तो पडला की पुन्हा पहिल्यापासून.

स्पर्धा होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात ठेवलीत. डोंगरातला माणूस त्या आठवड्यात ढोल सोडून कुठे जात नाही. दलसिंग आला. दोनशे यार्डांवरून त्याच्या दहा गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या आणि दुसऱ्या नंबरच्या गृहस्थांच्या दहा झाकायला पागोटे लागले असते. जिंकणाऱ्याला क्लबच्या नव्या मैदानावर शिक्षक नेमायचे, हे तुमच्याच पत्रकात होते. मग समिती चहाला आत गेली आणि बाहेर येऊन तू, सचिव म्हणून, निकाल वाचलास की ही स्पर्धा अभ्यासाने तयार झालेल्या नेमबाजांसाठी आहे, दलसिंगचा नेम रक्तातलाच असल्यामुळे त्याला कौशल्य म्हणता येत नाही, सबब पहिला क्रमांक दुसऱ्या गृहस्थांस. अध्यक्षसाहेब त्यावर म्हणाले, “हरणाला धावण्याच्या शर्यतीत कोणी बक्षीस देतं का?” सगळे हसले. तूही ओठ दाबून हसलास, मी पाहत होतो. दलसिंगला एक लाल पागोटे दिलेत. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले.

परतताना बैलगाडीत कोरीट गावापर्यंत तो ते पागोटे मांडीवर घेऊन बसला. मग एवढेच म्हणाला, “गुरुजी, मी शिकनू, ते कोणले दिसनंच नही का?”

रूपचंद, मला तुझ्या पत्राचा राग का आला, ते आता सांगता येते. तुझ्या मते दलसिंगचा नेम रक्तातून आला आणि तुझा दुकानातून येणार आहे. या दोहोंच्या मधे जे असते, वाळूत सोललेली कोपरे, पेळूंकडे पाहून दुखलेले डोळे, माशीवरून शंभरदा पडलेला पैसा, त्याला तुमच्या समितीच्या डोक्यात जागाच नाही. समितीला ते मान्य करावे लागले असते तर उद्या दलसिंगपुढे पालथे पडून शिकावे लागले असते, आणि ते तुमच्या सभासदांना जड जाते. हरणाची उपमा सोयीची आहे. हरणाला गुरुजी म्हणावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो, ती लिहितो. तीन पाने रायफलीवर खर्च केली, ती बहुधा हीच गोष्ट टाळण्यासाठी. ‘नेम त्याच्या रक्तातच आहे’ हे वाक्य तुझे नव्हे, अध्यक्षांचेही नव्हे. ते माझे आहे. दलसिंगचे नाव स्पर्धेला पाठवताना मी जे शिफारसपत्र जोडले, त्यात ते शोभेसाठी घातले होते, आणि लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून स्वतःवर खूशही झालो होतो. तू निकाल वाचलास तेव्हा मी ते ओळखले आणि उभा राहून ‘हे खोटे आहे’ म्हणालो नाही, कारण त्याच्याखाली माझी सही होती. चौदा महिने ज्याने त्याला शिकताना पाहिले, त्यानेच ते पुसले. तुमच्यावर रागावणे मला सोपे गेले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रविवारी समिती शिक्षकाची नेमणूक कायम करायला बसते आहे. सोबत दोन वस्तू पाठवत आहे. एक, माझे नवे पत्र, ज्यात ते वाक्य मी परत घेतले आहे आणि का, तेही लिहिले आहे. दुसरी, दलसिंगची सरावाची वही, दर रविवारचे एक पान. त्याला अक्षरे थोडी येतात, म्हणून प्रत्येक गोळी त्याने टिंबाने काढली आहे आणि वाऱ्याच्या जागी पेळू काढला आहे, जसा डुलत होता तसा. दोन्ही समितीपुढे तू ठेव. माझे वाचले गेले नाही तरी चालेल. वहीची पहिली एकवीस पाने मात्र प्रत्येकाच्या हातात दे. त्या पानांवर एकही टिंब काळ्यात नाही, सगळी एक वीत वर आहेत. नेम रक्तात असलेला माणूस एकवीस पाने चुकत नाही. आणि हे ठेवण्याचे तुला धैर्य झाले, तर सुरतेला जाऊ नकोस. माझ्या पॉइंट टू-टूचा दस्ता तुझ्या मापाचा आहे, पुण्यापासून मला तुझा हात माहीत आहे. सभेच्या पुढच्या रविवारी पहाटे प्रकाशाला ये. मी काठ्या रोवून पेळू बांधून ठेवीन. शिकवायला दलसिंग असेल.

तुझ्यावर आणि स्वतःवर सारखाच रागावलेला, तरीही तुझाच,
सूरदास नंबर दोन
भिला