वनिताताईंकडे ठेवलेलं प्रस्थान

२४ मार्च, मंगळवार

जहाज कंपनीविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे आणि ती ऐकून घ्यायला या घरात कुणी तयार नाही. आज आलेल्या संदेशात त्यांनी मला ‘प्रिय अतीथी’ म्हटलं आहे. ‘ती’ दीर्घ. संस्कृत घेऊन एम. ए. झालो, त्यानंतर आजवर पेपरला बातम्या पाठवतो आहे, आणि माझ्याच फोनमध्ये शिरून कुणीतरी वेलांटी फिरवून जातं. बरं, ऱ्हस्व केली तरी शब्द चूकच. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो. आमची ठरलेली आहे. शनिवार, ४ एप्रिल. मुंबईहून जहाज, दोन रात्री समुद्रात, सोमवारी सकाळी परत.

सुमन मशीनवर होती (डायलिसिस. मंगळ-गुरू-शनी, थोडक्यात मं-गु-श. रक्त बाहेर, धुऊन परत आत). तिला हे सगळं सव्युत्पत्ती समजावलं. डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यायले वेलांटी नाई कळत. जहाज तं चालवता येते न?"

फोन खिशात ठेवला.

२५ मार्च, बुधवार

आर्वीला जाऊन आलो. कापसाची बातमी, दोन परिच्छेद पाठवले. एक छापतील, तोही दुसरा.

आम्ही निघणार पुढच्या गुरुवारी रात्रीच्या गाडीनं, आणि तो दिवस म्हणे पंचांगात बरा नाही. शेजारच्या वनिताताईंनी पाडव्यालाच यावर उपाय केला. आमचं प्रस्थान त्यांच्याकडे ठेवून घेतलं. चांगला दिवस बघून प्रवासाचं गाठोडं घराबाहेर काढायचं, दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, की प्रवास सुरू झाला. माणसं मागाहून निघाली तरी चालतात. त्यांच्या देवघरात फळीवर ठेवलं आहे. सुमनची हिरवी साडी, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, आणि एक काळा चष्मा. चष्मा शास्त्रात नाही. समुद्रावर चमक फार असते असं तिला कुणीतरी सांगितलंय.

"आता हे माघारी न्यायचं नाई हां भाऊजी," वनिताताई म्हणाल्या. "नेलं तं प्रवास मोडला. सुमनबाई निघाल्या समजा तुमी."

खरं तर प्रस्थान ठेवल्यावर थोड्याच दिवसांत निघावं लागतं. ती मुदत उलटते आहे हे मला ठाऊक आहे. बोललो नाही. शास्त्र शिकल्याचा एवढा तरी फायदा, गिळता येतं.

२६ मार्च, गुरुवार

मशीन. डाव्या हाताची नस आता काम देत नाही. उजव्या हाताला सुरुवात. सिस्टर चांगली आहे, पण तिलाही लवकर सापडत नाही. सुमन छताकडे पाहत होती. मी पंख्याकडे.

जानेवारीत तिनं मशीनला जायचं बंद केलं होतं. ते इथे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. कपडे घालून बसली आणि उठलीच नाही. "बस झालं. मले आता नाई होत." डॉक्टर, मी, तिचा हिंगणीचा भाऊ, सगळे बोलून थकलो. थांबलं तर किती दिवस, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मग मला तिचं जुनं म्हणणं आठवलं. हिंगणीची मुलगी, बोर धरणाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न झाल्यापासून म्हणते, "धरण लई मोठं, पण पलीकडचा काठ दिसतेच. एकदा बिनकाठाचं पाणी पाहायचं हाय."

म्हणालो, दाखवतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग, "तवरोक जातो मी मशीनवर. पण पाणी पाहून आलो का मंग मले अडवू नोका."

मी हो म्हणालो. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं.

२८ मार्च, शनिवार

प्रिय अतीथी, आपणास कळविण्यास खेद होतो की सदर फेरीसाठी जागांपेक्षा अधिक आरक्षणे स्वीकारली गेल्याने आपले प्रस्थान पुढे ढकलण्यात येत आहे.

‘प्रस्थान’ मात्र बरोबर लिहिलंय. आणि आता अतिथीही अर्थानं बरोबर. आमची तिथी त्यांनी काढून घेतली. व्याकरणशुद्ध झालं सगळं.

तीन पर्याय दिलेत. एक, पुढच्याच आठवड्यात पाच रात्रींची मोठी फेरी, बाल्कनीची खोली, जास्त काही न देता. दोन, हीच दोन रात्रींची फेरी, पण पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात. तीन, पैसे परत. गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा.

सुमनला मशीनवरच सांगितलं. "असं," म्हणाली. बस.

संदेश वाचला तेव्हा

(राहू दे.)

२९ मार्च, रविवार

कंपनीला फोन. मुलगी गोड बोलते, हिंदीत.

"सर, आप तो लकी हैं। बाल्कनी मिल रही है।"

म्हटलं, पाच रात्री जमणार नाहीत. दोनच. शनिवारी सकाळी आमचं मशीन, मंगळवारी परत मशीन. मधे जेवढं बसतं तेवढंच.

"कौनसा मशीन, सर?"

सांगितलं. थोडा वेळ संगीत ऐकवलं. मग परत आली आणि जास्तच हळू बोलायला लागली. जहाजावर ती सोय नाही. ४ तारखेला कुणी आपणहून मागे हटलं तर सांगू, पण भरवसा देता येत नाही. ऑक्टोबरची तारीख आत्ता घेतली तर पक्की. "लिखके देंगे, सर, कन्फर्म।"

तिला काय माहीत की पक्की तारीख हेच आमचं दुखणं.

मुंबईच्या भाच्याला कळवलं. त्यानं बिचाऱ्यानं तिथल्या दवाखान्यात दोन्ही दिवसांचं मशीन ठरवून ठेवलं होतं. "मामा, मरीन ड्राइव्हवर बसवू ना मामीला," म्हणाला. सुमनला विचारलं. तिथं मागे वळलं की रस्ता असतो म्हणे. काठ तो काठच. तिला काठ कुठल्याच बाजूला नको आहे.

३० मार्च, सोमवार

आमच्या पिपरीत बातमी माझ्या पेपरपेक्षा लवकर पोचते. सकाळपासून तीन जणांनी बाल्कनी घ्या म्हणून सांगितलं. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "फुकटात मोठी फेरी भेटून राह्यली न भाऊ, तुमी काऊन इचार करून राह्यले?" मशीनचं सांगितलं तर त्यानं मूठभर खारका दिल्या. तिला चालत नाहीत. मी खाल्ल्या.

वनिताताईंचं मत, ऑक्टोबर घ्यावा. "तेवढंच पुढं पाहाले काई राह्यते." त्यांना आमचा जानेवारीतला करार माहीत नाही. माहीत असता तरी हेच म्हणाल्या असत्या, असं वाटतं. त्यांना मैत्रीण हवी आहे. त्यात चूक काय.

आता हिशेब सरळ आहे. पैसे परत घेतले, तर जहाज संपलं आणि तिचा शब्दही. ऑक्टोबर घेतला, तर शब्द ऑक्टोबरपर्यंत चालतो. उन्हाळा, पावसाळा, गणपती, प्रत्येक मं-गु-श, आणि त्या उजव्या हाताची नस.

३१ मार्च, मंगळवार

मशीन. आज मधेच रक्तदाब पडला. पाय वर केले, खालून उशी. शुद्धीवर होती पण माझ्याकडे पाहिलं ते लांबून पाहिल्यासारखं.

घरी येताना ऑटोत म्हणाली, "वनिताकडून गाठोडं घेऊन येजा."

कशाला, म्हटलं.

"साडी हाय न त्याच्यात माही. उगाच तिच्या देवापाशी कायले अडकवून ठेवाची."

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. त्याला ते साडीचंच बोलणं वाटलं असेल. मला कळलं. गाठोडं माघारी आलं की प्रवास मोडला.

१ एप्रिल, बुधवार

दुपारी वनिताताईंकडे गेलो. त्या पोळ्या करत होत्या. "बसा भाऊजी." बसलो. समोर देवघर. गाठोड्यावर त्यांनी रोजचं एकेक फूल ठेवलेलं दिसलं. खालची वाळून गेलीत, काढली नव्हती. चष्म्याची एक काडी कापडातून बाहेर आलेली.

त्यांनी चहा दिला. मी पाण्याच्या टाकीविषयी बोललो, नळाविषयी बोललो. मग निघालो.

"काई काम होतं का?"

"नाही, सहजच."

घरी आल्यावर सुमननं माझ्या हातांकडे पाहिलं.

"कुलूप होतं," म्हणालो.

"तिच्या घरातून तं पोळ्यायचा वास येऊन राह्यला."

"कुलूप लावून करत असतील."

हसली. बऱ्याच दिवसांनी. "इतकं शिकले तुमी, पण एक खोटं बोलता येत नाई धड." मग भिंतीकडे कूस वळवली.

"सुमन, ऑक्टोबर घेऊ का?"

"तुमी घ्या न. म्या कुठं नाई म्हटलं."

"तुला जायचंय का, ते सांग."

"मले पाणी पाहायचं हाय. ऑक्टोबर नाई पाहायचा."

२ एप्रिल, गुरुवार

आज रात्रीची गाडी होती. ४ तारखेसाठी कंपनीचा फोन आला नाही. येणार नव्हताच.

सकाळी मला वाटलं होतं ती उठणार नाही. कपडे घालून पलंगावर बसली आणि तशीच बसून राहिली. जानेवारीत बसली होती तशी. मी चपला शोधायचं नाटक केलं, समोर असलेल्या. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चला. तुमची मशीन वाट पाहून राह्यली असन."

तुमची, म्हणाली.

आता ती मशीनवर आहे, झोपली आहे, मी शेजारच्या स्टुलावर बसून हे लिहितो आहे. फोनमध्ये कंपनीचं पान उघडं आहे. ‘प्रिय अतीथी, पसंतीची तारीख निवडा.’ ऑक्टोबरच्या सगळ्या शनिवारांवर हिरवा ठिपका. खाली पैसे परत मागायचं बटण. संध्याकाळपर्यंत मुदत.

ऑक्टोबर दाबला तर ती येत राहील. शब्द दिलाय आणि ती तो पाळते. पण ते येणं पाण्यासाठी नसेल, माझ्यासाठी असेल, आणि हे आम्हां दोघांनाही माहीत असेल. पैसे मागितले तर शनिवारी ती कपडे घालणार नाही. आणि तारीख घेतली, हात टिकला, जहाजात बसलो, तिनं चष्मा लावून बिनकाठाचं पाणी पाहिलं, तरी सोमवारी परत यायचंच आहे, आणि मग तिला अडवायचं नाही.

शनिवारी संदेश वाचला तेव्हाचं वाक्य अर्धं सोडलं होतं. पुरं करतो. संदेश वाचला तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. जहाज पुढे गेलं, म्हणजे तिचं जाणंही पुढे गेलं, असं वाटलं.

मला ती नसलेल्या घरात राहायची भीती वाटते. जहाजाचं काहीही झालं तरी ती भीती जात नाही. आणि तिला अजून किती सहन करायला सांगायचं, ते मी त्या भीतीवरून ठरवतो आहे.