नववी खुर्ची

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नांदेड, २ फेब्रुवारी २०२६

ती. नीलाआत्यांस, अक्षराचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहिलं की महानंदावहिनी ते तुमच्या कानाशी इतक्या मोठ्यानं वाचतात, की उदगीरच्या अर्ध्या गल्लीला आमच्या घरची बातमी कळते. ही बातमी गल्लीला कळायला नको.

अमेरिकेतल्या विरूपाक्षदादानं आम्हा भावंडांसाठी एक खेळ काढलाय, फँटसी बेसबॉलचा. खेळाडू तिकडचे, खरे. संघ मात्र आपला, कागदावरचा. लिलावात बोली लावून खेळाडू घ्यायचे. ते तिकडं मैदानात जसे खेळतील तसे गुण आपल्या संघाला. त्यातून ही लीग डायनॅस्टी, म्हणजे घराण्याची. एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं आपला आणि आपल्यामागं आपल्या वारसाचा. खुर्च्या आठ. सात भावांनी घेतल्या, आठवी मी मागितली. आख्ख्या खानदानात बेसबॉल खेळलेली मी एकटी. विद्यापीठाच्या संघात चार वर्षं कॅचर होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तर आमचा उमाशंकर, माझा सख्खा भाऊ, म्हणाला की घराण्याच्या लीगमध्ये मुलगी कशी? उद्या लग्न होऊन जाईल, मग संघ काय सासरी नेणार? पप्पांनी मान डोलावली. आणि आठवी खुर्ची दिली कुणाला? उमाच्या मेव्हण्याला, बिलोलीच्या. त्या बिचाऱ्याला क्रिकेटपलीकडं काही माहीत नाही. मला सांगितलं, तू उमाच्या मागं बस, हळूच सांग, बोली तो लावेल.

आणि आत्या, मी हो म्हणाले. शाळेच्या मैदानावर पोरींना दिवसभर ताठ उभ्या राहा म्हणून ओरडते, आणि घरी जाऊन हो म्हणून आले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. लिलाव पाडव्याच्या संध्याकाळी लातूरला, आपल्या दुकानात आहे. काय करू, ते लिहा.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे, तो आटू देऊ नका.

तुमची,
अक्षरा

॥ श्री ॥

उदगीर, ९ फेब्रुवारी

चि. अक्षरा हिस, नीलाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उमाचा राग आला, दुसऱ्यांदा तुझा, तिसऱ्यांदा माझा. माझा का, ते सांगते. पन्नास वर्षांत ही गोष्ट कुणाला सांगितली न्हाई.

आमचे आप्पा, म्हणजे तुझे आज्जा गुरुबसप्पा, लातूरच्या मोंढ्यात तुरीचे खरेदीदार. मी दाण्याला दात लावला की ओल किती ते सांगायची, म्हणून बाराव्या वर्षापासून ते मला सोबत न्यायचे. ढिगाभोवती बोली सुरू झाली की मी त्यांच्या मागं उभी. पाठीवर बोट टेकवलं की रुपया वाढवायचा, मूठ टेकवली की सोडून द्यायचं. लोक विचारायचे, गुरुबसप्पा, तुम्हाला कसं काय कळतं? ते मिशीत हसायचे. मला वाटायचं, मोठी झाले की ह्या गादीवर मीच बसणार.

मग तुझ्या बापाला पंधरावं लागलं आणि आप्पांनी त्याला गादीवर बसवला. मी अठराची होते. मला म्हणाले, मलप्पाला अजून समज न्हाई, तू त्याच्या मागं राहा. लग्न होईपर्यंत दोन वर्षं मी तुझ्या बापाच्या पाठीत बोटं रुतवली. आज मोंढ्यात मलप्पाशेठच्या नजरेचं नाव निघतं, त्यातली पहिली दोन वर्षं माझी हायेत. मला विचारलं होतं तेव्हा मीही हाव म्हणाले होते, तुझ्यासारखीच.

तर पोरी, आयत्या बिळावर नागोबा बसवायचा धंदा आपल्या घरात एकदा झाला, तेवढा पुरे. उमाला आजच न्हाई म्हणून कळव. कारण देऊ नकोस. कारण दिलं की त्याला उत्तर निघतं. नुसत्या न्हाईपुढं माणूस चाचपडत बसतो.

सोबत विरूपाक्षला चिठ्ठी लिहिली हाय. तिचा फोटो काढून त्याला पाठव. एक अक्षर बदलशील तर बघ.

माया आहे तशीच असू दे.

तुझी आत्या,
नीलाबाई

(सोबतची चिठ्ठी)

चि. विरूपाक्ष यास, आशीर्वाद.

घराण्याची लीग काढलीस, चांगलं केलंस. पण घराणं मोजताना गफलत झाली. तुझ्या आज्जांना तीन मुलगे आणि एक मुलगी. ती मुलगी अजून जिवंत हाय, उदगीरला असते, आणि बारशाला तुझं नाव तुझ्या कानात तिनंच सांगितलं. उमाचा साळा घरचा आणि मी पाहुणी, हा हिशेब मला कळला न्हाई.

साळ्याला उठव म्हणत न्हाई. जेवायला बसलेल्याला ताटावरून उठवायची आपली रीत न्हाई. एक खुर्ची वाढव. ती माझ्या वाट्याची, आणि मी ती अक्षराच्या नावानं देते. जमत नसेल तर घराण्याची लीग हे नाव काढून टाक आणि साळ्यामेव्हण्यांची लीग म्हण. उत्तर लेखी पाहिजे.

आत्या, नीलाबाई

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नांदेड, २२ फेब्रुवारी

ती. नीलाआत्यांस सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी दादाला पाठवली आणि तासाभरात उत्तर आलं. लेखीच आलं. आत्याचं बरोबर आहे, नववी खुर्ची अक्षराची, एवढंच लिहिलंय. बारशाचं वाचून घाबरला असावा. अट एकच, सगळ्यांनी आपापल्या संघाचा वारस लिहून द्यायचा.

उमाला न्हाई म्हणाले. त्यानं तीनदा का म्हणून विचारलं, मी तीनदा न्हाईच म्हणाले. तिसऱ्यांदा त्यानं फोन ठेवून दिला. शिवरात्रीपासून पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. आई गच्चीवर जाऊन चोरून फोन करते आणि रडते. त्यात हदगावचं एक स्थळ आलंय, त्यांनी विचारलं म्हणे, मुलगी लग्नानंतर खेळबिळ सोडेल ना? तुमचं पत्र उशाशी ठेवलंय, नाही तर माझं अवसान टिकलं नसतं.

तुमची बोटांची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, त्याचं कारण सांगते. कॅचर सगळ्यांच्या मागं, उकिडवा बसतो. चेंडू कसा टाकायचा ते तोच बोटांच्या खुणांनी सांगतो, टाकणारा तसा टाकतो, आणि टाळ्या टाकणाऱ्याला मिळतात. मीही चार वर्षं तेच केलं. फरक एवढाच, की ते मी माझ्या खुशीनं करत होते.

आता कामाचं. प्रत्येकाला बोलीसाठी, पैशांच्या जागी, दोनशे साठ गुण, तेवढ्यात वीस खेळाडू घ्यायचे. एका खेळाडूवर कमीत कमी एक गुण लावायचा. पुढं कुणाचं नाव बोलीला काढायचं ते पाळीपाळीनं आपणच ठरवायचं. ग्रुपवर सगळ्या भावांची एकच चर्चा, एकोणीस वर्षांची पोरं. घराणं चालवायचं तर कोवळा खेळाडू घ्यायचा, वीस वर्षं चालेल, असं उमा म्हणतो. तिशीच्या गड्यांकडं कुणी ढुंकून बघत नाही. मोंढ्यात तुम्ही काय केलं असतं?

थंडी ओसरली तरी कान बांधून बाहेर पडा. आठवण ठेवा, रागावलात तरी चालेल.

तुमची,
अक्षरा

॥ श्री ॥

उदगीर, ५ मार्च

चि. अक्षरा हिस, अनेक आशीर्वाद.

मलप्पा बोलत न्हाई तर न बोलू दे. लहानपणीही तो रुसला की तुळशीमागं जाऊन बसायचा, भूक लागली की यायचा.

तुझ्या भावांना सगळ्यांना हुरडाच पाहिजे. हुरडा गोडच लागतो, पण हुरड्यानं कणगी भरत न्हाई. भरलेलं कणीस कुणी बघत नसेल तर ते तुझ्यासाठीच हाय असं समज. तुझ्या त्या अमेरिकेत तिशीतला गडी म्हातारा झाला का? मग मी कोण?

पहिली गोष्ट, तुला जे पाहिजे त्याचं नाव आधी काढू नकोस. ज्याचं तोंड सुटलंय त्याच्यापुढं त्याचंच ताट आधी ठेव. पोरांना हवी ती कोवळी नावं तूच बोलीला काढ आणि गप बस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ते एकमेकांवर चढत जातील आणि पिशव्या रिकाम्या करतील. दुसरी गोष्ट, पहिला तास हात राखून ठेव. सगळ्यांची पिशवी भरलेली असते तेव्हा माल महाग असतो. मग त्यांच्याकडं एकेक गुण उरला की तू तुझी माणसं शांतपणे उचल. तिसरी गोष्ट, मनात आकडा धरलास की तो ओलांडू नकोस. हे मात्र मला आप्पांनी शिकवलं.

पाडव्याला सकाळच्या पहिल्या एसटीनं लातूरला येते. तुझ्या मागं बसणार न्हाई, शेजारी बसेन. मला एक शब्द ऐकू येणार न्हाई, पण मी तिथं बसलेली सगळ्यांना दिसली पाहिजे.

हदगावकरांना सांग, मुलगी एकटी यायची न्हाई, वीस गडी सोबत घेऊन येईल. त्यांच्या जेवणाची सोय बघा म्हणावं.

हक्कानं लिहीत जा.

तुझी आत्या,
नीलाबाई

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नांदेड, २३ मार्च

ती. नीलाआत्यांस सा. न. वि. वि.

शेवटच्या गाडीसाठी मी घाईत निघाले, धड निरोपही घेतला नाही. तुम्ही माझ्या शेजारी होतात, पण दिसलं तेवढंच तुम्हाला कळलं. जे ऐकू आलं नाही ते लिहिते.

मी पहिलंच नाव त्या सोन्यासारख्या एकोणीस वर्षांच्या पोराचं काढलं, तेव्हा उमा म्हणाला, बघा, हिलासुद्धा तोच पाहिजे. आणि एक्क्याण्णव गुणांना त्यानं तो घेतला! मला तो मिळू द्यायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मी अकरालाच सोडला होता, पुढं त्याला त्याचा मेव्हणाच चढवत होता. दोन तासांत उमानं चार पोरांवर दोनशे चाळीस गुण घातले. राहिलेले सोळा गडी वीस गुणांत कसेबसे गोळा केले. त्या चार पोरांपैकी तीन यंदा मोठ्या मैदानावर उतरणारच नाहीत, अजून शिकतायत, हे त्याला दादानं नंतर सांगितलं. तेव्हा तो पाणी प्यायला आत गेला होता ना, ते यासाठी.

आता एक कबुली. तो बत्तीस वर्षांचा कॅचर निघाला तेव्हा मी मनात चौदाचा आकडा धरला होता आणि कागदावर तुम्हाला दाखवलाही होता. चौदाला मेव्हणा अडून बसला, तेही मी त्यावर लिहिलं. तुमची मूठ टेबलावर आली. आत्या, ती मला दिसली होती. तरी मी पंधरा म्हणाले. त्याचे गुडघे गेले असतील हे मलाही कळतं. पण बारा वर्षं उकिडवं बसून ज्यानं समोरचं आख्खं मैदान वाचलं, तो मला दुसऱ्याच्या कागदावर बघवला नसता. तुमचं ऐकलं नाही, राग मानायचा तर माना.

शेवटी दादानं मोबाईलच्या पडद्यावरून वारसांची यादी वाचली. उमाचा वारस त्याचा दोन वर्षांचा बाळ. ज्यांची लग्नं व्हायचीत त्यांनी होणारा मुलगा असं लिहिलेलं, खोटं नाही सांगत. मग माझं नाव आलं, आणि पुढं वारस म्हणून, नीलाबाई गुरुबसप्पा. मी तुम्हाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. सगळे हसले. उमा म्हणाला, मालकिणीपेक्षा वारस चाळीस वर्षांनी मोठी, हे कुठलं घराणं? मी म्हणाले, माझ्या संघात एकही जण एकोणीसचा नाही, मग वारस तरी एकोणीसची का असावी?

तेव्हा पप्पा बोलले. महिनाभरानं पहिल्यांदाच बोलले आणि माझ्याकडं न बघता बोलले. म्हणाले, हसू नका. ही पोरगी थांबून थांबून बोली लावत होती, अक्का अशीच खूण करायची. ह्या गादीवर मी बसलो तेव्हा मला हरभरा का तूर कळत नव्हतं. दोन वर्षं माझ्या मागं अक्का उभी होती, मी तिचं नाव कधी घेतलं न्हाई.

सगळे एकदम तुमच्याकडं बघायला लागले, तेव्हा तुम्ही घाईनं पदर सावरलात. पदर ठीकच होता, आत्या.

पाय जपा. तुमच्या वारसाहक्काला जपून आहे.

तुमची,
अक्षरा

॥ श्री ॥

उदगीर, ३० मार्च

चि. अक्षरा हिस, आशीर्वाद.

दुसऱ्या दिवशी मलप्पा मला एसटीवर सोडायला आला. पिशवी हातात घेतली, खिडकीची जागा धरून दिली, गाडी सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला. मला वाटलं, माझा गुडघा बघून आला असेल. तुझं पत्र वाचल्यावर कळलं. मग मी रडले. महानंदा विचारत होती काय झालं, तिला म्हणाले मोहरीचा ठसका लागला.

मूठ तुला दिसली न्हाई असं धरून मी आठ दिवस चरफडत होते. दिसूनही तू पंधरा म्हणालीस, मग बरं झालं. मी आप्पांचा शब्द कधी मोडला न्हाई. त्या गड्याचा गुडघा टिकला तर टिकला, न्हाई टिकला तर आपण दोघी तेल पाठवू.

वारसाला खेळ समजला पाहिजे. शाळेला सुट्टी लागली की ये, आणि चेंडू कसा टाकतात, बोटं कशी धरतात, ते सगळं पहिल्यापासून शिकव. खुर्ची इतक्यात रिकामी करू नकोस, मला वारशाची घाई न्हाई.

तुझी वारस,
नीलाबाई गुरुबसप्पा